बुटाची गाठ

सहलीहून परतल्यावर पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं, तर हे वर्णन फार छान झालं असतं. लोणारचं पाणी, हिवऱ्याचा चहा, जुने मित्र, हिवाळ्यातलं कोवळं ऊन. तसं लिहायला बसलोही होतो. दोन पानं झाली, रविवारची सकाळ आली आणि पेन तिथेच अडकलं. मग महिनाभर कागद तसेच पडून राहिले. आता लिहितोय ते त्या सकाळीसकट लिहितोय.

आधी माणसं सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही चौघं बुलढाण्यात शिकायला होतो आणि एका खोलीत राहायचो. संजू आता पिंपळगाव राजाच्या शाळेत मास्तर आहे. रफिकचं मेहकरला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गजानन, म्हणजे आमचा गजू, देऊळगाव राजाजवळ शेती करतो. मी पुण्यात एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूतली चूक शोधायची आणि ती कोणाच्या हातून झाली ते कागदावर आणायचं, हे माझं काम. इतकी वर्षं तेच केल्यामुळे हॉटेलात गेलो तरी आधी ग्लासाची कड बघतो. बायको म्हणते, तुमच्याबरोबर लग्नाला जायचं म्हणजे तपासणीला गेल्यासारखं वाटतं.

शनिवार : बुलढाणा, हिवरा, लोणार

मी शुक्रवारीच पुण्याहून नव्या गाडीवर बुलढाण्याला चुलतभावाकडे येऊन थांबलो होतो. सकाळी संजू त्याच्या जुन्या, चेन वाजणाऱ्या गाडीवरून आला. अंगात स्वेटर, कानाला मफलर, पायात चपला. मी जाकीट, गुडघ्याचे पट्टे आणि घोट्याच्या वर जाणारे लेसचे बूट घालून तयार होतो. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काऊन बे विन्या, चंद्रावर चालला का?"

"सुरक्षितता असते संज्या. चपला घालून कोणी गाडी चालवतं का?"

"आम्ही चालवतो ना. शाळेत पोचतो रोज."

चिखली सोडली की रस्ता मोकळा लागतो. कापसाची शेवटची वेचणी चालली होती, तुरीच्या पेंढ्या बांधावर उभ्या होत्या आणि मधूनमधून हरभऱ्याचे हिरवे पट्टे होते. पुण्यात हिवाळा म्हणजे फक्त स्वेटरांची जाहिरात. इथे तो हँडल धरलेल्या बोटांना कळतो. हिवरा आश्रमाजवळ चहाला थांबलो. चहा इतका गोड की मी तोंड वाकडं केलं. संजूने माझा उरलेला अर्धा कप बशीत ओतून पिऊन टाकला.

मेहकरला रफिक आम्हाला भेटला. पुढे सुलतानपूरच्या अलीकडे संजूच्या गाडीची एक्सलेटरची तार तुटली. रफिकच्या डिकीत तार होती. बाभळीखाली बसून त्याने दहा मिनिटांत बसवली. तेवढ्या वेळात मी संजूला, गाडीची वेळोवेळी तपासणी का करावी, यावर एक पूर्ण व्याख्यान दिलं. रफिक हात पुसत म्हणाला, "यार, तू बोलून राह्यला तोवर गाडी चालूबी झाली. आता तुझ्या बुटाची लेस सुटली, ते पाह्य." लेस खरंच सुटली होती. मी वाकून फास काढून बांधायला लागलो तसा तो म्हणाला, "याच्या बुटापाई आपला अर्धा दिवस जाते."

लोणारविषयी पुष्कळांनी लिहिलं आहे, मी थोडंच सांगतो. काठावर उभं राहून खाली पाहिलं की आधी फक्त झाडी दिसते आणि मधोमध हिरवट पाणी. उतरताना पायऱ्या, मग मुरमाड पायवाट, आणि मग खाऱ्या पाण्याचा वास नाकात जातो. खाली पडक्या देवळाच्या कट्ट्यावर आम्ही रफिकच्या घरचे पराठे खाल्ले. एक मोर समोरून शेजारच्याच अंगणातून निघाल्यासारखा निवांत गेला. त्या तासाभरात मी कोणाचीही चूक काढली नाही. संजूने ते बोलूनही दाखवलं.

शनिवार संध्याकाळ : गजूची शेडनेटं

सिंदखेड राजावरून देऊळगाव राजाकडे निघालं की शेतांमधून पांढऱ्या-हिरव्या जाळीची घरं दिसायला लागतात. अनोळखी माणसाला वाटेल, कशाचा तरी मांडव घातला आहे. त्यात भाजीचं बी तयार होतं. तुमच्या-आमच्या ताटातल्या काकडीचा जन्म अशाच एखाद्या जाळीत झालेला असतो. मला हे माहीत नव्हतं. चाळीस किलोमीटरवर लहानाचा मोठा झालो असून माहीत नव्हतं.

गजूची दोन शेडनेटं आहेत, एक घराजवळ आणि एक मागच्या अंगाला, विहिरीपलीकडे. दोन्हींत काकडी. त्याने आम्हाला पुढच्या जाळीत नेलं. दाराला दोन पडदे होते. बाहेरचा उघडून आत शिरायचं, तो मागे बांधून टाकायचा आणि मगच आतला उघडायचा.

"एवढं कशाला?" मी विचारलं.

"माशी येऊ नये म्हणून," गजू म्हणाला. "इथं सगळं काम हाताचं हाय. या वेलीच्या मादी फुलाला त्या कडेच्या वेलीच्या नर फुलाचा पराग लावायचा. सकाळी फूल उमललं की ऊन चढेपर्यंत तेवढंच काम. माशी आत आली तर ती कुठलाबी पराग कुठंबी लावती. मग ते बी काय कामाचं?"

वेली सुतळीवर चढवलेल्या होत्या आणि छोट्या काकड्यांच्या देठांना लोकरीचे धागे बांधलेले होते. लाल, निळे, हिरवे, हळदी. प्रत्येक बाईचा रंग ठरलेला. फुलाला पराग लावला की ती आपल्या रंगाचा धागा बांधते, म्हणजे कोणत्या फुलावर कोणाचा हात फिरला ते शेवटपर्यंत कळतं. बिनधाग्याची काकडी दिसली की तोडून टाकायची. ही पद्धत मला इतकी आवडली की मी मनातल्या मनात ती आमच्या कारखान्यात लावूनही टाकली.

हळदी धागा कासाबाईंचा. साठीच्या, काटक, कमरेला लोकरीची गुंडी खोचलेली. गजूच्या शेतावर पहिली जाळी उभी राहिली तेव्हापासून कामाला आहेत. संध्याकाळी बाया गेल्या की दोन्ही नेटांची दारं त्याच बांधतात. सुतळीचे तीन वेढे, मग एक पीळ, मग टोक आत सारलेलं.

"दार कासाबाईचं," सुनीता वहिनी म्हणाल्या. वहिनी म्हणजे गजूची बायको. जाळीतलं सगळं काम त्यांच्याच नजरेखाली चालतं. "मी बांधलं तरी त्या परत सोडून बांधतात."

रात्रीच्या जेवणाला ज्वारीच्या भाकरी, चुलीवरचं वांगं, शेंगदाण्याची चटणी आणि तोंडाला पाणी आणि डोळ्यालाही पाणी आणणारा ठेचा होता. पोटात गेल्यावर माझ्यातला तपासनीस जागा झाला. मी गजूला सांगितलं की एका म्हातारीच्या सवयीवर एवढं मोठं काम सोडणं बरोबर नाही. दारावर वही ठेव. कोण आत गेलं, कधी गेलं, दार कोणी बांधलं, सही. "आपल्याकडे माणसं कष्टाला कमी नाहीत रे, पण शिस्त नाही," असंही म्हणालो. हे वाक्य मला आजही शब्दनशब्द आठवतं. गजू हसून म्हणाला, "ठेवू वही." कासाबाई ओट्याखाली बसून हात धूत होत्या. त्यांनी ऐकलं असणार.

रविवार सकाळ

मला पहाटेच जाग आली. बाकीचे घोरत होते. बाहेर सगळीकडे दव, आणि सूर्य नुकताच वर येत होता. गाडीचा एक चांगला फोटो काढावा असं डोक्यात आलं. नवी गाडी, मागे शेडनेट, कोवळं ऊन. मी गाडी हळूच ढकलत विहिरीपलीकडच्या नेटापाशी नेली. पण बंद जाळीपुढे फोटोत काही मजा येईना. आत पिवळी फुलं उमलत होती आणि ती मागे दिसली तर फोटो फोटोसारखा झाला असता.

मी दाराची गाठ सोडली. बाहेरचा पडदा एका बाजूला खोचला, आतला दुसऱ्या बाजूला. माशीचं माझ्या लक्षात नव्हतं असं नाही. लक्षात होतं. पाचच मिनिटं, एवढ्या थंडीत कुठून येणार माशी, असं मी स्वतःला सांगितलं. पालथ्या क्रेटवर मोबाईल ठेवून टायमर लावला. पहिला फोटो वाकडा आला, दुसऱ्यात डोळे मिटले, मग हेल्मेट हातात घेऊन पाहिलं, मग डोक्यावर घालून. पाच मिनिटांची पंचवीस झाली. शेवटी मनासारखा फोटो मिळाला, पडदे ओढले आणि सुतळी बांधली. तीन वेढे, पीळ वगैरे मला कुठलं जमणार? हाताला सवयीची होती ती गाठ बांधली. फोटो लगेच आमच्या चौघांच्या ग्रुपवर टाकला आणि गाडी घेऊन घरापाशी आलो.

नाश्त्याला पोहे होते. बाया आधी पुढच्या नेटात काम करून मागच्या नेटाकडे गेल्या. माझं पोह्यांचं ताट अर्धं झालं असेल, तेवढ्यात वहिनींची हाक आली. तशी हाक मी त्यांच्या तोंडून आदल्या दिवसभरात ऐकली नव्हती. आम्ही चौघंही धावलो. माझ्या हातात ताट तसंच.

दाराचा पडदा खालून सुटून लोंबत होता. आत फुलाफुलांवर मधमाश्या होत्या. फार नव्हत्या, पण मोजायचं कारणही नव्हतं. वहिनी एका माशीमागे हातातला पदर घेऊन फिरत होत्या आणि ती शांतपणे या फुलावरून त्या फुलावर जात होती.

"आजची सगळी फुलं तोडावी लागतील," गजू म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "उद्या बियाणं घेणाऱ्या कंपनीचा माणूस येणार. त्याला सांगावं लागंल. नेटच बाद केलं त्यानं तर?" मग तो कासाबाईंकडे वळला. "काल दार कोणी बांधलं?"

"म्या बांधलं. तीन वेढे घालून बांधलं."

आणि इथे मी बोललो. कोणी विचारलं नव्हतं. गप्प राहिलो असतो तरी निम्मी लाज वाचली असती. मी म्हणालो, "तरी मी काल सांगत होतो, दारावर वही ठेव."

कासाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पडद्याचं टोक हातात धरून गजूपुढे केलं. "ही गाठ बघ बाबा. अशी फासाची गाठ म्या कधी बांधलीय का? ही बुटाची गाठ हाय. आमच्यात बूट कोण घालतं?"

जाळीत बाया अनवाणीच काम करतात. संजूच्या पायात चपला होत्या, रफिकच्या पायात सँडल, गजू अनवाणी धावत आलेला. कोणीही माझ्या पायांकडे पाहिलं नाही. कोणी पाहत नव्हतं, त्यावरूनच मला कळलं की सगळ्यांना कळलं आहे.

"पुरे, कासाबाई," गजू म्हणाला. आवाज चढलेला होता, पण तो जमिनीकडे बघून बोलत होता. "तुम्ही घरी जा आता. उद्याबी नका येऊ."

कासाबाईंच्या मानेपर्यंत लाली चढली होती. कमरेची हळदी लोकर काढून त्यांनी दाराशी खांबाच्या खिळ्याला अडकवली आणि बांधावरून चालू लागल्या. दहा बायांच्या देखत. मी पोह्यांचं ताट धरून उभा होतो.

निघायच्या आधी मी मोरीत जाऊन ग्रुपवरचा तो फोटो सगळ्यांसाठी काढून टाकला.

रविवार दुपार : चिखली

देऊळगाव राजाला बालाजीच्या देवळात गेलो. गाभाऱ्यापुढे हात जोडले, पण काही मागवेना. पुढचा रस्ता मी कसा चालवला ते सांगता येणार नाही. एरवी मी पुढे असतो, त्या दिवशी सगळ्यांच्या मागे होतो.

चिखलीच्या जरा अलीकडे एका खानावळीत जेवायला थांबलो. भाजी आली, भाकरी आली. संजू मिरची मोडत बसला. शेवटी रफिकच बोलला.

"फोटो काऊन काढून टाकला बे? चांगला होता."

मी भाकरी मोडायला लागलो.

"मी पाह्यला. संज्यानं पाह्यला. गजूनंबी पाह्यला, पोहे यायच्या आधीच. माशा पाह्यल्या तवा ध्यानात आलं, त्यात पडदा उघडाच दिसते, विन्या."

"मग तुम्ही का नाही बोलले?"

"आम्ही काय बोलाव?" संजू म्हणाला. त्याचा मास्तरकीचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "तुझी वाट पाह्यली आम्ही. वाटलं, आता बोलते, आता बोलते. तू त वहीचं बोलला."

मला खरोखर रडू आलं. खानावळीत, चाळिशी ओलांडलेला माणूस, गुडघ्याला पट्टे बांधून. रफिकने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "जेव. मंग जाऊ वापस." मी म्हटलं, तुम्ही घरी जा, मी एकटा जातो. संजूने नुसतंच विचारलं, "नक्की जाशीन ना?" त्या प्रश्नाचा मला राग आला नाही. वीस वर्षं मीही लोकांना असंच विचारत आलो आहे.

रविवार, उन्हं उतरताना

गजू मागच्या नेटात होता. बाया उद्यासाठी वेलींची तयारी करत होत्या. खाली तोडलेल्या पिवळ्या फुलांचे ढीग पडले होते. मी त्याला बाहेर बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "ठाऊक हाय मला."

"मग तिला का घालवलंस?"

"तू पाव्हणा. इतक्या वर्षांनी माझ्या घरी आला. बायांसमोर तुला काय बोलू मी?" तो डोकं खाजवत म्हणाला. "दोन-चार दिवसांनी बोलावून घेणारच होतो तिला."

म्हणजे माझी इज्जत राखायला त्याने तिची घेतली होती, आणि त्याला ते कळतही होतं. मित्राच्या हातून मी हे करवलं. त्या दिवसातली ही दुसरी लाज, आणि ही मला जास्त लागली.

वहिनी पडद्याआडून ऐकत होत्या. त्या बाहेर आल्या आणि पडदा नीट बांधून मग बोलल्या. "भाऊजी, यांना सांगून काय उपयोग? ज्यांच्यासमोर झालं त्यांच्यासमोर सांगा. आणि आधी कासाबाईला घेऊन या. ती नसताना सांगाल तर मी आत येऊ देणार नाही."

कासाबाईंचं घर वस्तीवर, शेतापासून चालत पंधरा मिनिटांवर. त्या दाराशी बसून तूर निवडत होत्या. मी समोर उभा राहून सगळं सांगितलं, फोटोचंसुद्धा. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. माझं झाल्यावर म्हणाल्या, "मला काय सांगता दादा, मला ठाऊकच हाय."

"चला माझ्याबरोबर. सगळ्यांसमोर सांगतो."

"गाडीवर न्हाई बसायची मी."

मग आम्ही चालत निघालो. त्या पुढे, मी मागे. बूट जड वाटत होते. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, पुण्यात काय काम करता? मी सांगितलं, लोकांच्या चुका शोधतो.

दारापाशी मी बूट काढून ठेवले. बाहेरचा पडदा बांधला, मग आतला उघडला. ओळींमधून दहा बाया माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, सकाळी दार मी उघडलं होतं, फोटोसाठी. गाठ माझी होती. कासाबाईंनी दार नीटच बांधलं होतं आणि मला ते सकाळीही माहीत होतं. माझ्या मागून गजू म्हणाला, "मलाबी माहीत होतं, कासाबाई. माझं चुकलं."

मग कोपऱ्यातल्या एका बाईने, रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखं विचारलं, "मग सकाळीच कामून न्हाई बोलले?"

"लाज वाटली," मी म्हणालो.

कासाबाई खांबापाशी गेल्या. खिळ्यावरची हळदी लोकर काढून त्यांनी कमरेला खोचली आणि त्यांच्या ओळीत शिरल्या.

"लाज मलाबी वाटली व्हती," वेल सारखी करत त्या म्हणाल्या. "मी बोललेच की."